खरखर दुरुस्त करू नये

बँकेतल्या माणसाला संगीतातलं काय कळतं, असा एक समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. आमच्या शाखेत ताल म्हणाल तर नोटा मोजायच्या मशीनचा, आणि आळवणी म्हणाल तर "सर्व्हर डाऊन आहे, जेवणानंतर या" ही एवढीच. त्यात मी बी.कॉम. म्हणजे ज्या शाखेला कलेशी संबंध नाही म्हणून आईबापांनी मुद्दाम घातलं, त्या शाखेचा पदवीधर. तरीसुद्धा एका विषयात मला थोडी गती आहे. विजेच्या गिटारीवर वाजवलेलं इंग्रजी रॉक संगीत, आणि त्यातही स्टुडिओतलं नव्हे, तर हजारो माणसांसमोर वाजवताना जागच्या जागी टेप केलेलं. नामपुरात कांदा, डाळिंब आणि पीककर्ज या विषयांचे जाणकार पैशाला पासरी मिळतात. या विषयाचा मात्र मी एकटाच. त्यामुळे मला आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

आता हे वेड मोसम नदीच्या काठी कसं आलं, हे सांगायचं तर आधी जिभाऊंपासून सुरुवात करायला हवी. गिटारवाले साहेब थोडा वेळ बाहेर बाकावर बसतील.

जिभाऊ म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या कसमादे भागात दर चार घरांआड एक जिभाऊ असतो, पण आमचे जिभाऊ मोटार रिवाइंडिंगवाले. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत घालून त्यांच्याकडे आणी आणि जिभाऊ तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसत. हा झाला पोटाचा धंदा. लग्नसराईत मात्र ते बँजो वाजवत. वाचकहो, हा अमेरिकेतला चामड्याचा बँजो नव्हे. मांडीवर किंवा टेबलावर आडवा ठेवायचा, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, तो आपला वरातीतला बँजो. शिकलेले लोक त्याला बुलबुल तरंग म्हणतात. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने ते काढलं, आणि टाइपरायटरची बटणं बघूनच त्याला ते सुचलं, असं म्हणतात. त्याच साली तिथे तैशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव तैशोगोतो. हे मला जुन्या हेडक्लार्कने सांगितलं असतं, तर मी टायपिंगची परीक्षा पहिल्या खेपेला पास झालो असतो.

जिभाऊंनी हा बँजो घेतला १९७२ साली. आमच्याकडे ‘बहात्तर साल’ एवढं म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. पाऊस नाही, विहिरी तळाला गेलेल्या, आणि चांगली बागायत असलेली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. माझे वडील आणि जिभाऊ एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी बसून खडी फोडत. घर एकत्र. आठवड्याची मजुरी आजीच्या हातात द्यायची, तिने त्यातून धान्य आणायचं, अशी पद्धत. एका आठवड्याला जिभाऊ मजुरी घेऊन मालेगावला गेले आणि संध्याकाळी एक जुना बँजो घेऊन आले. धान्य आणलं नाही.

आजीने त्या रात्री काय केलं याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती आमच्या घरात चालू आहेत. त्यातल्या एकीत बँजो विहिरीत टाकला होता असं आहे, पण विहिरीत पाणीच नसल्यामुळे तो वाचला, असा त्या हकिकतीचा शेवट आहे. वडिलांचं मात्र एकच पक्कं. त्यांनी पुढे जिभाऊंशी बोलणं सोडलं नाही, शेताचं, पाण्याचं, मोटारीचं सगळं बोलत. पण जिभाऊंच्या वाजवण्याबद्दल त्यांनी बरंवाईट एक अक्षर काढलं नाही. अठरा वर्षं. वरात दारावरून गेली, गाव रस्त्यात नाचलं, तरी वडील ओट्यावर बसून तंबाखू मळत.

१९९० साली थोरल्या दादाचं लग्न निघालं. वरातीला बँजो अर्थातच जिभाऊंचा. मी दहा वर्षांचा. आत्याच्या यजमानांचा टू-इन-वन माझ्या खांद्यावर दिला आणि काळं बटण व लाल बटण एकदम दाबायचं, एवढं प्रशिक्षण दिलं. अशा रीतीने अस्मादिक ध्वनिमुद्रक झाले. त्या दिवशी घोड्यासमोर जिभाऊंनी ‘नागिन’ धरला. १९५४ च्या त्या सिनेमातली पुंगी हीसुद्धा पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेच्या बाजावर वाजवली होती. म्हणजे नकली पुंगीची बँजोवर नक्कल, तीही फाटक्या भोंग्यातून. पण वाजला असा की घोडा पुढे जाईना, माणसं बाजूला होईनात, आणि मांडवात भटजी घड्याळ बघत उभे. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. ती संपली, तरी नागिन चालूच होता. शेवटी मुहूर्त टळला. तो कसा टळला आणि वधूपक्षाच्या मंडळींनी त्याचं कसं स्वागत केलं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

यानंतर आठ वर्षांनी मी नाशिकला वसतिगृहात राहून बी.कॉम. करीत होतो. खोलीत देवळाली कॅम्पातला एक मुलगा होता. त्याच्याकडे शंभरेक इंग्रजी कॅसेटी. एका रात्री कॉस्टिंगची गणितं सोडवताना त्याने एक कॅसेट लावली. आधी माणसांचा गलका, मग ढोल सावकाश वाढत गेले, मग सगळे एकदम तुटून पडले, आणि चारेक मिनिटांनी गिटारवाल्याने जे काही सुरू केलं, ते ऐकून मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "अरे, हे तर आमचे जिभाऊ!"

खोलीतला मुलगा हसून लोळला. पण मी आजही त्याच मताचा आहे. तो गिटारवाला म्हणजे रिची ब्लॅकमोर, तांडा डीप पर्पल नावाचा, आणि कॅसेटचं नाव ‘मेड इन जपान’. आता योगायोग पाहा. ज्या देशात जिभाऊंचा बँजो जन्मला, त्याच देशात ही टेप झाली, आणि ज्या साली जिभाऊंनी बँजो घेतला, त्याच १९७२ साली. ऑगस्टच्या १५ आणि १६ तारखेला ओसाकात आणि १७ ला टोकियोत. १५ ऑगस्ट १९७२ म्हणजे आपल्या स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. त्या दिवशी आमच्या घरचे दोन पुरुष काय करीत असतील ते मला ठाऊक आहे. खडी.

त्या टेपेचा इतिहास कारकुनाला आवडेल असाच आहे. मुळात डीप पर्पलवाल्यांना असली टेप काढायची हौस नव्हती. जपानी कंपनीने आग्रह धरला, तेव्हा त्यांनी अट घातली की मुद्रणाला आमचाच माणूस हवा. तो मार्टिन बर्च. खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास आला असं सांगतात, म्हणजे आजच्या हिशेबाने एखाद्या बऱ्या लग्नाचा वाजंत्र्यांचा खर्च. पुढे आवाजांची जुळवाजुळव करायला पाचातले दोघेच आले, ढोलवाला इयान पेस आणि बासवाला रॉजर ग्लोव्हर. बाकीच्यांना वाटलं, जपानात विकायची किरकोळ चीज, कोण बसणार! ती जगभर विकली गेली. दोन तबकड्या, गाणी फक्त सात. शेवटच्या एकाच गाण्याने चौथी बाजू सगळी व्यापलेली, वीस मिनिटांना थोडे सेकंद कमी. वीस मिनिटं! मुहूर्त न पाळणारे लोक सगळीकडे असतात.

एका गाण्यात तर गाणारा इयान गिलन आणि ब्लॅकमोर यांची सरळ सवाल-जवाब होते. गिटारने एक तुकडा टाकायचा, याने तो गळ्यातून परत करायचा. आपल्याकडे तबला-सतारीची ही जुगलबंदी ऐकून वाढलेल्या माणसाला इंग्रजीची गरज पडत नाही. आणि त्यांचं ते जगप्रसिद्ध ‘स्मोक ऑन द वॉटर’! तिन्ही रात्री वाजवलं, पण टेपेवर घेतलं पहिल्या रात्रीचं. का, तर सुरुवातीचे ते चार-पाच सूर ब्लॅकमोरने धड त्याच रात्री वाजवले. गिटार हातात धरणारं जगातलं प्रत्येक पोर जे सूर पहिल्या आठवड्यात शिकतं, ते सूर ज्याने रचले त्यालाच बाकीच्या रात्री सरळ वाजवावेसे वाटले नाहीत. पुढे १९९३ साली तिन्ही रात्रींचं मुद्रण बाहेर आलं, तेव्हा शौकिनांनी ते घेऊन ओळीने ऐकलं, कुठे काय घसरलं ते शोधायला.

बँकेत चूक शोधली की दुरुस्त करतात, आणि शोधणाऱ्याला संध्याकाळी लवकर घरी जाता येतं. इथे चूक सापडली की लोक चहा सांगतात आणि पुन्हा ऐकतात. स्टुडिओतलं गाणं म्हणजे जुळलेली तेरीज. जमा-नावे बरोबर, बघायला सुरेख, आणि एकदा बघितल्यावर पुन्हा बघायचं कारण नाही. लोकांसमोरच्या टेपेत मात्र पुढच्या क्षणाला काय होणार हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कुमार गंधर्वांच्या किंवा भीमसेनजींच्या खाजगी बैठकीच्या टेपा एकमेकांकडून उतरवून घेणारी पुण्यातली जुनी मंडळी आठवा. रेकॉर्ड विकत मिळत असताना ते ती खरखरती टेप का मागत? तिच्यात तबलजीला दिलेली दाद असते, कोणाचा तरी खोकला असतो, आणि गवय्या त्या दिवशी वेगळ्याच वाटेला गेलेला असतो. देवळालीचा तो मुलगा आणि सदाशिव पेठेतले ते पेन्शनर एकाच देवळातले भक्त. एकमेकांना ओळखत नव्हते, एवढंच.

सुट्टीत मी ती कॅसेट नामपूरला आणली आणि जिभाऊंना दुकानात ऐकवली. ते मोटारीत तार भरत होते. हात थांबला नाही. गिटारचा भाग पुरा झाल्यावर म्हणाले, "याना भोंगा फाटेल शे."

मला वाटलं, झालं, संपलं. पण ते काही वाईट म्हणत नव्हते. धंदेवाइकाचं निदान करीत होते. यंत्राला झेपेल त्याहून जास्त जोर दिला की आवाजाचे वरचे-खालचे शेंडे छाटले जातात आणि तो खरखरीत, चिडका, लांबणारा सूर निघतो. रॉकची सगळी गिटार त्यावर उभी आहे. १९६४ साली किंक्स या तांड्यातल्या डेव्ह डेव्हिसने तर त्यासाठी स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला होता. मी हे जिभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, आमचा भोंगा उंबराच्या फांदीला लागून फाटला, ब्लेडचा खर्च नाही आला. मग पुढे थोडा वेळ ऐकून विचारलं, "पोऱ्या वाजाडस भारी. पण इतकी माणसं वरडी राह्यनी, यासमा मुहूर्त नव्हता का?"

तेव्हापासून मला नाद लागला तो लागलाच. १९९९ साली एकदा मुंबईला रंगभवनात गेलो. धोबी तलावाच्या त्या उघड्या नाट्यगृहात १९८६ पासून १५ ऑगस्टच्या सुमारास इंडिपेंडन्स रॉक भरत असे. (पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथलं वाजणंच बंद झालं.) डब्यात पोळीखाली लपवून टेपरेकॉर्डर नेला होता. घरी येऊन लावला तर गिटार कुठेतरी लांब, आणि जवळ माझ्या शेजारच्याचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा, की पाऊस येतोय का रे. पोळीचा वास मात्र त्या कॅसेटला बरेच महिने येत होता.

याच मुंबईत १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन गेले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्याशा क्लबात दुसऱ्यांची वाद्यं घेऊन वाजवून गेले. त्या रात्रीची टेप निदान माझ्या कानांवर तरी आलेली नाही. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणी मुद्रित केली, ती चोरून उतरवलेल्या टेपांवर फिरत राहिली आणि अधिकृतपणे निघाली २०१५ साली. त्रेचाळीस वर्षं सस्पेन्स खात्यात! आमच्याकडे ऑडिटरने फाशी दिली असती. त्याच काळात आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू भेंडे मुंबईत रॉक गात होता. १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’त तो मराठीत गायला, तेव्हा कुठे आपल्या लोकांना कळलं, की हे आपल्याही घरात शिरलंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण एवढा वेळ जो मी हिंडतोय तो त्याला भिऊनच.

वडील २०११ साली गेले. जिभाऊ त्यानंतर चार वर्षांनी. वरातीची ती कॅसेट माझ्याकडे कपाटात. गेल्या वर्षी आमच्या शाखेत नवीन ऑफिसर आला, इंजिनिअर मुलगा, कामाला वाघ. (हल्ली बँकेत इंजिनिअरच येतात. बी.कॉम.वाले कुठे जातात कोणास ठाऊक.) तो म्हणाला, "काका, टेप किती दिवस टिकणार? द्या, मी कॉम्प्युटरवर उतरवून देतो, स्वच्छ करून." दोन दिवसांनी मोबाइलवर पाठवलीसुद्धा. मी रात्री जेवण झाल्यावर ऐकली.

स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ! जनरेटर गेला. गलका गेला. खरखर गेली. घोड्याची घंटी गेली. उरला एकटा बँजो, रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून वाजवल्यासारखा. आणि त्याबरोबर चौदाव्या मिनिटाला येणारं वडिलांचं ओरडणं गेलं, "जिभाऊ, बस व्हयनं आते! मुहूर्त चालना!" तेही एक वेळ सोडा, घरात तो आवाज आम्ही खूप ऐकला आहे. पण एकोणिसाव्या मिनिटाला, जिभाऊ वरच्या सुरावर जाऊन तिथेच तार धरून बसतात, भोंगा फाटून निघतो, आणि त्या गर्दीत टेपेच्या अगदी जवळून कोणीतरी म्हणतं, "वाजाड, जिभाऊ, वाजाड!"

तो आवाज वडिलांचा आहे, असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे. बहात्तर सालचे ते धान्याचे पैसे माझ्या हिशेबी तिथे जमा झाले.

कॉम्प्युटरने तो आवाज कचरा म्हणून काढून टाकला होता.

पोराचा दोष नव्हता. मोठमोठ्यांनी हे केलं आहे. ‘द हू’ या इंग्रज तांड्याने १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्सच्या विद्यापीठात वाजवलं, त्याची तबकडी निघाली. मुद्रणात चरचर आली होती. त्यांनी तबकडीवरच्या कागदावर सरळ लिहून टाकलं, की चरचर आहे ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. तसं लेखी असूनही १९९५ साली नवी आवृत्ती काढताना कंपनीने चरचर काढली, आणि वर छापलं की दुरुस्त केली आहे! लेखी सूचना न वाचण्याचा रोग फक्त आपल्याच कचेऱ्यांत आहे असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हटलं, बाबा रे, जशी आहे तशीच उतरव, एक टाचणी इकडची तिकडे करू नकोस. तो भला, पुन्हा बसला. ती प्रत घेऊन मी दुपारी आईला ऐकवायला बसलो. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने लावली. चौदाव्या मिनिटाला ती हसली आणि पदर तोंडाला लावला. एकोणिसाव्या मिनिटाला मी हात वर करून म्हटलं, "आता ऐक."

आईने ऐकलं. म्हणाली, "हे ते नाहीत. हा तुझा मामा."

मी पुन्हा लावली. आई म्हणाली, मामाच. मी म्हटलं, मामा तर दारू पिऊन मागे ट्रॅक्टरमध्ये झोपला होता, तूच सांगतेस दर लग्नात. आई म्हणाली, उठला असेल. तिसऱ्यांदा लावली. दादाला फोन लावून फोनवरूनच ऐकवली. तो म्हणाला, मी घोड्यावर होतो, मला काय विचारता.

१९६६ साली मँचेस्टरला बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा जुन्या पद्धतीच्या गाण्याच्या भक्तांपैकी कोणीतरी अंधारातून ओरडलं होतं, "जूडास!" विश्वासघातकी, म्हणून. ती टेप कित्येक वर्षं लंडनच्या अल्बर्ट हॉलची म्हणून चोरून विकली जात होती. १९९८ साली ती अधिकृत निघाली, आणि मग तो ओरडणारा मीच, असं म्हणणारे एकाहून जास्त निघाले. त्यातला खरा कोण, यावर शौकीन अजून भांडतात. आमच्याकडे उलटं आहे. हक्क सांगायला दोघांपैकी कोणीच उरलेलं नाही. मामा दोन हजार सोळाला गेला.

कॅसेटवरचं जुनं लेबल निघालं होतं. मी बँकेच्या अक्षरात नवं लिहिलं: ‘दादाचं लग्न, १९९०. जिभाऊ, नागिन. खरखर आहे. दुरुस्त करू नये.’ आई चष्मा लावून ते बघत होती. मग म्हणाली, "पुन्हा लाव. ते, मुहूर्ताचं." मी चौदाव्या मिनिटावर आणून लावली. तिने तेवढं ऐकलं आणि दूध तापवायला आत गेली. पुढचा नागिन मी एकट्याने ऐकला.